डोक्यात वीज कोसळल्यासारखे दुखले तर रात्र काढू नका

मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा : तो काय असतो, फुटला तर काय करावे, आणि त्यावरचे ऑपरेशन कसे होते



ढाणकीच्या बाजारात सायकलचे पंक्चर काढणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. टायरला कुठे चीर पडली की तिथून आतली ट्यूब बाहेर डोकावते. हवा भरली की तेवढ्याच जागी फुगा येतो. कारागीर त्यावर बोट ठेवून म्हणतो, "भाऊ, गाडी चालेल. पण हा फुगा कधी फुटेल ते सांगता येत नाही."

तसाच फुगा माणसाच्या डोक्यातल्या रक्तवाहिनीलाही येतो. डॉक्टरमंडळी त्याला ॲन्युरिझम म्हणतात. नाव अवघड आहे, ते विसरलात तरी चालेल. फुगा हा शब्द मात्र ध्यानात ठेवा. तो फुटल्यावर घरच्या माणसांनी पहिल्या काही तासांत काय केले, यावर पुष्कळदा रुग्णाचा जीव अवलंबून असतो.

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा

दिवाळी झाली आहे. कपाशीची वेचणी चालू आहे. पाच-सहा बाया ओळीने वेचत चालल्या आहेत. त्यांत पन्नाशीची एक सासूबाई आहे, धडधाकट, कामाला वाघीण. दुपारी ओटीतला कापूस गाठोड्यात टाकताना ती एकदम दोन्ही हातांनी डोके धरून खाली बसते.

"काय झालं वो आत्याबाई?" सून धावत येते.

"डोक्यात काहीतरी फुटलं गं माय!"

तिला भडभडून उलटी होते. मान अवघडते. उजेड सोसवत नाही. बैलगाडीत घालून तिला घरी आणतात. एक म्हणतो ऊन लागले, दुसरा म्हणतो पित्त चढले. शेजारची म्हातारी नजर उतरवते. कोणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कोणी दुकानातून डोकेदुखीची गोळी आणतो. संध्याकाळी ती उठून बसते, अर्धा कप चहा घेते. घर सुटकेचा श्वास टाकते. "बरं झालं, उतार पडला. उद्या बघू."

तिसऱ्या दिवशी पहाटे ती चुलीपाशी कोसळते आणि पुन्हा डोळे उघडत नाही.

मग पारावर बोलणे होते, "मेंदूत रक्त सांडलं होतं. त्याला इलाजच नाही."

इलाज होता, वाचकहो. तो पहिल्या दिवशी होता. हा प्रसंग कल्पनेतला आहे, पण असेच घडते. ते तुमच्या घरी घडू नये म्हणून हा लेख.

फुगा येतो कसा?

आपला मेंदू वजनाने सव्वा ते दीड किलोच्या आत. पण शरीरातल्या एकूण रक्तपुरवठ्यापैकी सुमारे सहावा हिस्सा एकटा मेंदू घेतो. हे रक्त चार धमन्यांमधून वर चढते. दोन मानेच्या पुढच्या बाजूने आणि दोन मानेच्या मणक्यांमधून. मेंदूच्या तळाशी या धमन्यांच्या शाखा एकमेकींना जोडून एक कडे तयार होते. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली त्याचे नीट वर्णन केले, म्हणून त्याला विलिसचे कडे म्हणतात. बहुतेक फुगे या कड्यावर किंवा त्याच्या फाट्यांवर येतात.

फाट्यावरच का? तुमच्या शेतातला पाट आठवा. पाणी सरळ वाहते तिथे काठ टिकतो. पाटाला जिथे फाटा फुटतो तिथे पाण्याची धार कोपऱ्यावर आदळते आणि तिथलीच माती ढासळते. धमनीचेही तसेच आहे. रक्ताची धार वर्षानुवर्षे फाट्याच्या कोपऱ्यावर आदळते. ती जागा मुळात कमकुवत असली, त्यात रक्तदाब वाढलेला असला, की भिंत पातळ होत होत बाहेर फुगते.

बहुतेक फुगे ज्वारीच्या दाण्यापासून वाटाण्याएवढे असतात. क्वचित एखादा सुपारीएवढा किंवा त्याहून मोठा होतो. शंभर मोठ्या माणसांमागे सुमारे तिघांच्या डोक्यात असा फुगा असतो, असे दिसून आले आहे. हे वाचून घाबरून जाऊ नका. त्यांतले बहुतेक फुगे जन्मभर फुटत नाहीत आणि माणसाला त्यांचा पत्ताही लागत नाही. जगाची सरासरी धरली तर लाखभर लोकांमागे वर्षाला सहा ते दहा जणांचा फुगा फुटतो. म्हणजे दोन-तीन लाख वस्तीच्या तालुक्यात वर्षाला बारा ते तीस माणसे. संख्या थोडी वाटते. पण ज्या घरात तो फुटतो त्या घराला ती थोडी नसते. शिवाय हा आजार म्हाताऱ्यांचाच नाही. चाळीस ते साठ या कर्त्या वयात तो पुष्कळदा गाठतो, आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त आढळतो.

फुटल्यावर आत काय होते?

मेंदूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारखा एक पातळ पडदा असतो. त्याखाली पाण्यासारखा द्रव खेळत असतो. फुगा फुटला की रक्त जोराने या द्रवात पसरते आणि डोक्यातला दाब एका क्षणात वाढतो. वीज कोसळल्यासारखी कळ येते ती यामुळे. काहींचा प्राण दवाखाना गाठण्याआधीच जातो.

बाकीच्यांच्या बाबतीत निसर्ग थोडी मुदत देतो. फुटलेल्या छिद्रावर रक्ताची गुठळी बसते आणि रक्त थांबते. बांध फुटल्यावर वाहून आलेला काडीकचरा भगदाडात अडकून पाणी थांबावे, तसे हे असते. दुखणे थोडे कमी होते आणि घरचे फसतात. ही गुठळी म्हणजे दुरुस्ती नव्हे. ती कधीही निसटते. दुसऱ्यांदा रक्त सांडण्याचा धोका पहिल्या चोवीस तासांत सर्वांत जास्त असतो, आणि इलाज झाला नाही तर पुढचे काही आठवडे तो टांगलेलाच राहतो. हा दुसरा स्राव पहिल्यापेक्षा फार घातक असतो. मघाच्या प्रसंगातली सासूबाई पहिल्या घावातून वाचली होती. तिला दुसऱ्याने नेले.

ओळखायचे कसे?

डोके कोणाचे दुखत नाही? ऊन, जागरण, पित्त, अर्धशिशी, चष्म्याचा नंबर, कारणे शंभर आहेत. पण ही दुखणी हळूहळू चढतात. फुग्याचे दुखणे एकाएकी येते आणि मिनिटभरात शिगेला पोचते. रुग्णाला विचारा, "असं आधी कधी दुखलं होतं का?" तो म्हणतो, "जन्मात नाही." हे दोन शब्द फार मोलाचे आहेत. त्याच्या जोडीला पुढच्यांपैकी काही असले तर शंका आणखी पक्की होते.

• भडभडून उलटी होणे.
• मान आखडणे, हनुवटी छातीला न टेकणे. ही ताठरता काही तासांनीही येते.
• उजेड न सोसणे.
• शुद्ध हरपणे, मग ती दोन मिनिटांपुरती का असेना.
• झटका किंवा फिट येणे.
• बोलणे अडखळणे, हातपाय लुळा पडणे, एकाचे दोन दिसणे.
• एका डोळ्याची पापणी एकाएकी खाली पडणे आणि त्या डोळ्याची बाहुली मोठी होणे.

पापणीची खूण विशेष आहे. काही वेळा फुगा फुटण्याआधीच वाढतो आणि डोळ्याकडे जाणारी शीर दाबतो. तेव्हा डोके फारसे दुखत नसले तरी एका बाजूची पापणी अचानक पडली, तर तिला लकवा समजून झाडपाला बांधत बसू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने कितीतरी शेतकरी आणि मजूर दगावले. तेव्हापासून शेतात कोणी ओकला-कोसळला की पहिला संशय फवारणीवर जातो, आणि ते बरोबरही आहे. पण डॉक्टरांना नेमके सांगा : त्या दिवशी फवारणी केली होती की नाही, कोणते औषध होते, आणि दुखणे हळूहळू चढले की एकदम आले. विषबाधेत बहुधा घाम सुटतो, तोंडाला लाळ येते, बाहुल्या बारीक होतात. तुमच्या एका वाक्याने डॉक्टरांचा तासभर वाचतो.

घरी काय करावे, काय करू नये

रुग्णाला शांत निजवा. शुद्धीवर असेल तर डोक्याखाली उशी देऊन डोके थोडे उंच ठेवा. शुद्ध नसेल किंवा ओकत असेल तर कुशीवर वळवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. तोंडात पाणी, चहा, काढा काही घालू नका. गिळताना श्वासात जाण्याची भीती असते, शिवाय पुढे भूल द्यायची वेळ येऊ शकते. ॲस्पिरिनसारखी रक्त पातळ करणारी गोळी तर मुळीच देऊ नका. त्याला चालवू नका, दुचाकीवर दोघांच्या मध्ये बसवून नेऊ नका. फिट आली तर तोंडात चमचा किंवा चामडे कोंबू नका.

नजर, बाधा, भानामती यांवर वाद घालायची ही वेळ नाही. घरच्या वडीलधाऱ्यांचे मन मोडवत नसेल तर त्यांना एवढेच सांगा, "आजी, तुम्ही देवापाशी दिवा लावा. तोवर आम्ही गाडी काढतो."

ढाणकीहून निघताना

आपली खरी अडचण रस्त्याची आहे. जिल्ह्याचे ठिकाण यवतमाळ ढाणकीहून शंभर किलोमीटरच्या वर. पैनगंगेपलीकडचे नांदेड त्या मानाने जवळ. बंदी भागातल्या गावांना आणि तांड्यांना तर पावसाळ्यात आधी नाला ओलांडायचा, मग ढाणकी गाठायची. म्हणूनच वाट आधी ठरवलेली बरी.

पहिले काम, १०८ क्रमांकाला फोन. ही सरकारी रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ सालापासून धावते आणि तिला पैसे लागत नाहीत. फोनवर "डोकं दुखतं" एवढेच सांगू नका. "एकाएकी भयंकर डोकं दुखलं, उलटी झाली, मान आखडली, मेंदूत रक्तस्रावाची शंका आहे," असे सांगा. गाडीला फार उशीर होत असेल तर गावातली जीप काढा.

दुसरे काम, जवळच्या सरकारी दवाखान्यात रुग्ण दाखवून रक्तदाब तपासून घ्या आणि चिठ्ठी घ्या. पण तिथे "रात्रभर सलाईन लावा, सकाळी बघू" असा आग्रह घरच्यांनी धरू नये. मेंदूतले रक्त सलाईनने दिसत नाही आणि थांबतही नाही. त्यासाठी सी. टी. स्कॅनचे यंत्र लागते. यवतमाळ आणि नांदेड या दोन्ही ठिकाणी सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, तिथे ते होते. स्कॅनमध्ये रक्त दिसले की पुढे मेंदूचा शल्यविशारद हवा. त्यासाठी नागपूर, छत्रपती संभाजीनगर किंवा हैदराबाद अशा शहरापर्यंत जावे लागू शकते. निघण्याआधी डॉक्टरांनाच फोन करायला लावा : तिथे शल्यविशारद हजर आहे का, खाट मोकळी आहे का? एका दारातून दुसऱ्या दारात फिरण्यात गेलेले तास परत मिळत नाहीत.

दवाखान्यात काय तपासतात?

सी. टी. स्कॅन म्हणजे क्ष-किरणांनी डोक्याचे कापाकापाने काढलेले चित्र. कलिंगडाच्या फोडी करून आतला गर बघावा, तसे यंत्र कवटीला हात न लावता आत बघते. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनियरने हे यंत्र तयार केले. १९७१ साली लंडनमध्ये त्यावर पहिल्या रुग्णाचे डोके तपासले गेले आणि १९७९ साली हाउन्सफील्ड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सांडलेले ताजे रक्त या चित्रात पांढरे दिसते. पहिल्या सहा तासांत स्कॅन झाला तर तो सहसा चुकत नाही. जसजसे दिवस जातात तसतसे रक्त विरघळते आणि चित्र फसवे होते. मग पाठीच्या मणक्यातून पाणी काढून त्यात रक्त आहे का ते पाहावे लागते. पाठीतले पाणी काढले की माणूस लुळा होतो, अशी एक भीती खेड्यात आहे. ती सोडून द्या. सुई जिथे घालतात तिथपर्यंत मज्जारज्जू पोचतच नाही.

रक्त दिसल्यावर फुगा कुठे आहे ते शोधायला अँजिओग्राफी करतात. धमनीत खास औषध सोडून चित्र काढले की झाडाच्या फांद्यांसारखे सगळे फाटे दिसतात, आणि कुठल्याशा फाट्यावर बोरासारखा लटकलेला फुगाही दिसतो. ही युक्ती १९२७ साली लिस्बनच्या एगास मोनिझ यांनी काढली. त्याआधी डॉक्टर या रोगापुढे अंधारातच चाचपडत होते.

ऑपरेशनची कथा

जिवंत माणसाच्या डोक्यातल्या अशा फुग्यावर ठरवून पहिले ऑपरेशन केले ते एडिंबरोच्या नॉर्मन डॉट यांनी, १९३१ साली. रुग्ण एक वकील होता. डॉट यांनी त्याच्याच मांडीतला स्नायूचा तुकडा काढून फुग्याभोवती गुंडाळला. पंक्चरवाला ठिगळ लावतो, तसाच हा प्रकार. वकीलसाहेब वाचले.

पण ठिगळ ते ठिगळच. खरा उपाय म्हणजे फुग्याचे तोंडच बंद करणे. तो मान अमेरिकेतल्या बाल्टिमोर गावच्या वॉल्टर डँडी यांचा. २३ मार्च १९३७ रोजी त्यांच्यासमोर ४३ वर्षांचा एक रुग्ण होता. त्याची एका डोळ्याची पापणी पडली होती. वर सांगितलेली खूण हीच. डँडींनी कवटी उघडून फुग्याच्या मानेला चांदीची चिमटी लावली आणि रुग्ण बरा होऊन घरी गेला. आजचे ऑपरेशन त्याच वाटेने चालते.

आपल्याकडे वेल्लोरला डॉ. जेकब चांडी यांनी १९४९ साली मेंदूच्या शस्त्रक्रियेचा विभाग सुरू केला. त्यानंतरच्या दशकात मुंबईत डॉ. राम गिंडे यांनी या शास्त्राचा पाया घातला. ते कॅनडातल्या मॉन्ट्रियलला डॉ. पेनफील्ड यांच्याकडे शिकून आले होते. त्या काळी आपल्या भागातल्या माणसाला असा आजार झाला तर मुंबई किंवा वेल्लोर गाठावे लागे, आणि तिथे पोचेपर्यंत फारच थोडे तग धरत. १९६० नंतरच्या दशकात झुरिकच्या यासारगिल यांनी दुर्बिणीखाली हे ऑपरेशन करण्याची पद्धत रुजवली. केसाएवढ्या बारीक धमन्या स्पष्ट दिसू लागल्या आणि हात सुरक्षित झाला.

दोन वाटा : चिमटी आणि तार

आज फुगा बंद करण्याच्या मुख्य वाटा दोन.

पहिली चिमटीची. रुग्णाला पूर्ण भूल देतात. कवटीच्या हाडाची एक खिडकी काढतात. मेंदू कापत नाहीत. त्याच्या घड्यांमधली फट हळूच मोकळी करून दुर्बिणीखाली फुग्यापर्यंत पोचतात आणि त्याच्या मानेला धातूची बारीक चिमटी लावतात. कपडे वाळत घालताना लावतो त्या चिमट्याची धाकटी बहीणच म्हणा. मुख्य धमनीतून रक्त पूर्वीसारखे वाहत राहते, फुग्यात मात्र जात नाही. हाडाची खिडकी बहुधा पुन्हा जागेवर बसवतात. चिमटी जन्मभर आत राहते. आज बहुधा टायटॅनियमची चिमटी वापरतात, ती गंजत नाही. तिचा कागद मात्र जपून ठेवा. पुढे कधी एम. आर. आय. काढायची वेळ आली तर तो दाखवावा लागतो.

दुसरी वाट तारेची. यात कवटी उघडत नाहीत. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून एक लांब, बारीक नळी वर मेंदूपर्यंत नेतात. तिच्यातून प्लॅटिनमची केसासारखी तार फुग्यात सोडतात. ती आत वेटोळी होऊन बसते. सुताची गुंडी भांड्यात कोंबावी तसा फुगा भरून जातो, आत रक्त साकळते आणि धोका टळतो. इटलीचे डॉक्टर ग्विदो गुल्येल्मी यांनी ही तार अमेरिकेत १९९० च्या सुमारास प्रथम माणसांवर वापरली.

दोन्हींत बरी कोणती? २००२ साली एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष आले. त्यात दोन्ही इलाजांजोगे २,१४३ रुग्ण होते. वर्षाअखेर मेलेले किंवा परावलंबी झालेले रुग्ण चिमटीच्या गटात शंभरांत सुमारे ३१ होते, तर तारेच्या गटात सुमारे २४. म्हणून जिथे जमते तिथे पुष्कळदा तार निवडतात. पण तारेने भरलेला फुगा कधी कधी पुन्हा थोडा उघडतो, त्यामुळे पुन्हा तपासणीला जावे लागते. चिमटी बहुधा पक्की बसते. फुग्याचे तोंड रुंद असेल, किंवा मेंदूत रक्ताचा मोठा गोळा साचला असेल, तर चिमटीच बरी ठरते. फुग्याची जागा, रुग्णाचे वय आणि दवाखान्याचा हातखंडा पाहून डॉक्टर ठरवतात. तुम्ही विचारायचे ते एवढेच : "आमच्या माणसासाठी यांतलं कोणतं आणि का? तुमच्याकडे दोन्ही होतं का?" विचारायला संकोच करू नका. समजून घेऊन सही करणे हा तुमचा हक्क आहे.

ऑपरेशननंतरचे पंधरा दिवस

ऑपरेशन झाले, रुग्ण बोलला, की नातेवाईक पेढे वाटतात. थोडे थांबा. सांडलेल्या रक्तामुळे चौथ्या दिवसापासून चौदाव्या दिवसापर्यंत मेंदूच्या धमन्या आखडू शकतात. तेव्हा बोलता-चालता माणूस पुन्हा सुस्त होतो किंवा हात लुळा पडतो. ते टाळण्यासाठी निमोडिपिन नावाचे औषध साधारणपणे २१ दिवस, दर चार तासांनी देतात. रात्री झोपमोड होते म्हणून ते चुकवू नका. काहींच्या डोक्यात पाणी साचते, त्यासाठी नळी घालावी लागते. या दिवसांत "शेतीची कामं खोळंबली, घरी सोडा" असा तगादा डॉक्टरांमागे लावू नये.

खरे तेच सांगायला हवे. फुगा फुटलेल्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश माणसे वाचत नाहीत. वाचलेल्यांतही काहींना लुळेपणा राहतो, काहींची आठवण कमी होते, चिडचिड वाढते, थोड्या कामाने थकवा येतो. घरातल्यांना वाटते माणूस आळशी झाला. तो आळस नसतो. मेंदूला भरून यायला महिने लागतात, कधी वर्षही लागते. रोज थोडे चालवा, बोलते करा, घरातली हलकी कामे हाती द्या. विहिरीच्या काठावर, झाडावर, ट्रॅक्टरवर डॉक्टरांच्या परवानगीशिवाय पाठवू नका. पण वेळेवर पोचलेली पुष्कळ माणसे पुन्हा आपल्या पायांवर उभी राहून कामाला लागतात, हेही तितकेच खरे.

पैशाचे काय?

या इलाजाला खासगी दवाखान्यात लाखांनी पैसे लागतात. म्हणून बैलजोडी विकायला निघण्याआधी योजनेची चौकशी करा. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत शेजारचा नांदेड जिल्हा होता. पुढे ती राज्यभर पसरली आणि २०१७ साली तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. आता राज्यातल्या कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठरावीक उपचारांची सोय त्यात आहे, आणि त्यांत मेंदूच्या शस्त्रक्रियाही येतात. मात्र ती योजनेतल्या दवाखान्यातच मिळते. तिथे आरोग्यमित्र बसलेला असतो. आपल्या रुग्णाचा इलाज यादीत बसतो का, ते भरती होतानाच त्याला विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड पिशवीत घालूनच घरातून निघा. कागदासाठी परत गावी यावे लागले तर दिवस जातो.

फुगा येऊ नये, फुटू नये म्हणून

दोन गोष्टी आपल्या हातात आहेत. पहिली, बिडी-सिगारेट सोडणे. तिचा आणि फुगा फुटण्याचा संबंध पक्का ठरला आहे. अतिदारूचेही तसेच. दुसरी, रक्तदाब तपासणे. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने, बायकांनीही, उपकेंद्रात दंडाला पट्टा बांधून घ्यावा. गोळी लागली तर ती रोज घ्यावी. "आता बरं वाटतं" म्हणून बंद करू नये.

आई, बाप, भाऊ, बहीण यांपैकी दोघांना हा आजार झाला असेल, किंवा घरात मूत्रपिंडाला पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक रोग असेल, तर डॉक्टरांना विचारून डोक्याची तपासणी करून घ्यावी. बाकीच्यांनी उगाच भीतीपोटी महागड्या तपासण्या करू नयेत. दुसऱ्याच कारणाने काढलेल्या स्कॅनमध्ये न फुटलेला लहान फुगा दिसला, तर लगेच ऑपरेशन लागतेच असे नाही. पुष्कळदा काही महिन्यांनी पुन्हा पाहून, वाढला नाही तर नुसते लक्ष ठेवतात. वजन उचलल्याने, उन्हात काम केल्याने किंवा कोणाच्या शापाने फुगा येत नाही. सुनेने सासूला बोल लावू नये, सासूने सुनेला.

वाचकहो, पंक्चरवाल्याचे बोलणे विसरू नका. फुटला नाही तोवर फुगा निमूट असतो. फुटला की थोडी मुदत देतो. ती मुदत पित्ताच्या गोळीत, कांद्यात आणि "उद्या बघू" मध्ये घालवायची, की गाडीत बसून पैनगंगा ओलांडायची, हे घरच्यांनी त्या घटकेला ठरवायचे असते. आज रात्री जेवणानंतर हा लेख घरात मोठ्याने वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आधी ऐकवा. शेतात डोके धरून बसलेल्या माणसापाशी बहुधा तीच माणसे उभी असतात.